भिंतीतील तार आणि घराची किंमत

घर विकावयाचे ठरले म्हणजे बहुधा प्रथम रंगाऱ्यास बोलावणे जाते. भिंतींना नवा रंग लागतो, गळणारा नळ दुरुस्त होतो, दारांच्या बिजागऱ्यांना तेल मिळते. घर पाहावयास येणारा मनुष्य खोलीत शिरल्यावर सहज एखादे बटण दाबून पाहतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि त्या घरातील विजेची तपासणी तेथेच संपते. वस्तुतः दिवा लागला यावरून भिंतीतील तार अखंड आहे एवढेच सिद्ध होते. ती सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. तारेवरील आवरण झिजून भुगा होण्याच्या बेतास आले असले तरी दिवा तितकाच स्वच्छ प्रकाश देत राहतो.

यामुळे जुन्या घराच्या व्यवहारात एक खर्च नेहमी अदृश्य राहतो. तो खर्च म्हणजे जुनी तारजोडणी, जिला सर्वजण वायरिंग म्हणतात, ती काढून नवी घालण्याचा. हा खर्च किती, तो का करावा लागतो, आणि विकणाऱ्याने करावा की घेणाऱ्याने, या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने देण्याऐवजी विज्ञानाच्या आणि साध्या अंकगणिताच्या आधारे कशी देता येतील, ते येथे पाहावयाचे आहे.

तारेलाही वय असते

कोलकात्यात १८९९ साली सार्वजनिक वीजपुरवठ्यास आरंभ झाला. बेंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले ते १९०५ साली. त्यानंतर देशातील निरनिराळ्या शहरांत वीज पोहोचत गेली आणि प्रत्येक काळाने आपल्या पद्धतीची तारजोडणी घरांत मागे ठेवली. सर्वांत जुन्या घरांत सागवानी केसिंग-कॅपिंग आढळते. लाकडी पट्टीस दोन खाचा, प्रत्येक खाचेत एक तार आणि वर लाकडाचे झाकण, अशी ती रचना. पुढे लाकडी बॅटनवर क्लिपांनी बसविलेल्या तारा आल्या. नंतर लोखंडी नळ्या आणि सरतेशेवटी भिंतीच्या आत दडविलेल्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्या. एकाच जुन्या घरात या तीन-चार पिढ्या शेजारी शेजारी नांदत असलेल्या दिसतात, कारण खोली वाढली की तिच्यापुरती नवी तार जुन्या तारेला जोडली गेली.

जुन्या तारेतील तांबे सहसा बिघडत नाही. म्हातारे होते ते तिचे आवरण. पूर्वीच्या तारांवर गंधक मिसळून घट्ट केलेल्या रबराचे आवरण असे. हे गंधक तांब्यास खाते, म्हणून तांब्यावर कथलाचा मुलामा देत. रबर हवेतील प्राणवायूशी हळूहळू संयोग पावते, कडक होते, त्यास चिरा पडतात, आणि तार वाकविताच त्याचे तुकडे गळून पडतात. पुढे आलेले पी.व्ही.सी.चे आवरण अधिक टिकाऊ असले तरी तेही अमर नव्हे. साधारण पी.व्ही.सी.ची तार ७० अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वापरण्यासाठी केलेली असते. विद्युत्‌शास्त्रात स्थूलमानाने असा नियम मानतात की, आवरणाचे तापमान दर १० अंशांनी वाढले म्हणजे त्याचे आयुष्य निम्म्याने घटते. अर्थात तारेचे वय केवळ वर्षांत मोजून भागत नाही. ती किती तापत राहिली हेही पाहावे लागते.

भार वाढला, तार तीच राहिली

समजा, १९६५ सालचे एक बैठे घर आहे. त्या वेळी त्यात ६० वॅटचे आठ दिवे, ७५ वॅटचे तीन पंखे आणि ५० वॅटचा एक रेडिओ होता. सर्व उपकरणे एकाच वेळी चालू केली तरी एकूण शक्ती ७५५ वॅट. २३० व्होल्ट दाबाने भागले असता प्रवाह सुमारे ३.३ अँपिअर येतो. आज त्याच घरात सकाळच्या वेळी २,००० वॅटचा गीझर, १,००० वॅटची इस्त्री आणि ७५० वॅटचा पाण्याचा पंप एकदम चालतो. ही झाली ३,७५० वॅट शक्ती. म्हणजे सुमारे १६.३ अँपिअर प्रवाह. दिवे आता थोड्या वॅटचे आले खरे, परंतु त्यांनी वाचविलेली वीज या हिशेबात बुडून जाते.

प्रवाह जवळजवळ पाचपट झाला. आता तारेत उत्पन्न होणारी उष्णता पाहू. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा जूलचा नियम. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट, आणि प्रवाह पाचपट तर उष्णता पंचवीसपट. मीटरपासून बोर्डापर्यंत आलेल्या ज्या तारेस त्या काळी क्वचितच ऊब जाणवत असेल, तीच तार आज पंचवीसपट उष्णता सोसते आहे. भिंतीच्या पोटातील बंद नळीत ही उष्णता लवकर बाहेरही पडत नाही. जुनी तार जळाली म्हणजे लोक तिच्या जुनेपणास दोष देतात. खरे कारण बहुधा असे की, जे काम तिला कधी नेमूनच दिले नव्हते ते तिच्याकडून करवून घेतले गेले.

१९६० नंतरच्या दशकांत तांब्याच्या टंचाईमुळे आपल्या देशात अनेक घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. त्यांचा प्रश्न थोडा निराळा आहे. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे १.६ पट असतो. म्हणून तेवढ्याच प्रवाहासाठी तार अधिक जाड लागते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे एकतृतीयांशाने अधिक प्रसरण पावते आणि स्क्रूच्या दाबाखाली कालांतराने चेपते. शिवाय त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडचा जो पातळ थर चढतो तो विजेस अडवितो. या तिन्ही कारणांमुळे तार शाबूत राहूनही तिचा सांधा सैल होतो.

फ्यूजला न दिसणारा दोष

सैल सांध्याचे गणित प्रत्येकाने एकदा करून पाहावे. समजा, एखाद्या सांध्याचा रोध अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला. प्रवाहाचा वर्ग १००. त्यास अर्ध्याने गुणिले असता ५० वॅट. डाग लावण्याच्या एखाद्या विजेच्या कावियाइतकी ही उष्णता लाकडी बोर्डाच्या मागे, एका स्क्रूच्या टोकाशी, सतत निर्माण होत राहते. फ्यूज मात्र वितळत नाही, कारण फ्यूज केवळ प्रवाह ओळखतो आणि प्रवाह तर मर्यादेतच आहे. बटणाजवळ काळा डाग पडणे, प्लगची पिन तापणे, पंप सुरू होताच दिवा मंद होणे, जळक्या प्लॅस्टिकचा वास येणे, ही त्याची बाहेरून दिसणारी लक्षणे होत. रंगाचा एक हात दिला म्हणजे यांपैकी पहिले लक्षण झाकले जाते. दोष मात्र जागच्या जागी राहतो.

फार जुन्या बोर्डांत आणखी एक धोका असतो. तेथे दोन्ही तारांत, म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोहोंत, फ्यूज घातलेले आढळतात. न्यूट्रलमधील फ्यूज आधी वितळला तर दिवा विझतो. परंतु फेजची तार जिवंतच राहते. दिवा विझला म्हणून निर्धास्तपणे हात लावणाऱ्यास धक्का बसतो. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांनी न्यूट्रलमध्ये असा फ्यूज ठेवण्यास मनाई केली होती. तसेच दोन छिद्रांचे सॉकेट पाहावयास मिळाले, तर तेथे अर्थिंगची तार पोहोचलेलीच नाही असे समजावे.

आधी चाचणी, मग खर्च

नवी तारजोडणी हवी की नको याचा निर्णय घराच्या वयावरून घेणे हे रोग्यास न तपासता केवळ त्याचे वय विचारून औषध देण्यासारखे आहे. यासाठी एक सोपी चाचणी आहे. मुख्य स्विच बंद करून, उपकरणे काढून घेऊन, वायरमन ‘मेगर’ नावाच्या यंत्राने ५०० व्होल्टचा एकदिश दाब तारांना देतो आणि तार व अर्थिंग यांमधील आवरणाचा रोध मोजतो. संपूर्ण घराचा हा रोध एक मेगओहमहून, म्हणजे दहा लक्ष ओहमहून, कमी भरू नये.

या आकड्याचा अर्थ असा. रोध एक मेगओहम असेल तर २३० व्होल्ट दाबाखाली आवरणातून गळणारा प्रवाह ०.२३ मिलिअँपिअर, म्हणजे नगण्य. परंतु तोच रोध १०,००० ओहमवर उतरला असेल तर गळती २३ मिलिअँपिअरवर जाते. माणसाच्या जिवाच्या रक्षणासाठी घरात जो गळतीरोधक खटका, म्हणजे आर.सी.सी.बी., बसवितात, तो गळती ३० मिलिअँपिअरवर पोहोचण्यापूर्वीच वीज तोडण्यासाठी केलेला असतो. म्हणूनच जुन्या घरात हा खटका बसविला की तो वारंवार पडू लागतो, आणि पुष्कळदा घरमालक ‘खटका वाईट निघाला’ असे म्हणून तो काढून टाकतो. वास्तविक खटका खरे सांगत असतो. दोष भिंतीतील तारेचा किंवा एखाद्या उपकरणाचा असतो.

या चाचणीबरोबर अर्थिंगचा रोध, तारांची जाडी, सांध्यांची स्थिती आणि मीटरवरील मंजूर भार यांचीही नोंद करून घ्यावी. हा सर्व अहवाल लेखी असावा. संपूर्ण काम बदलण्याच्या मानाने या तपासणीस लागणारा पैसा अगदी थोडा असतो, आणि पुढील प्रत्येक निर्णय तिच्यावरच उभा राहतो.

खर्चाची घडण

आपल्याकडे तारजोडणीचा दर ‘पॉइंट’वर ठरतो. एक दिवा, एक पंखा किंवा एक साधे सॉकेट म्हणजे एक पॉइंट. त्यात तार, नळी, बटण आणि मजुरी ही सर्व धरतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरपत्रकातही अशीच पद्धत आहे. दर गावोगाव आणि वर्षावर्षाने बदलतात. म्हणून पुढील आकडे बाजारभाव नसून हिशेबाची रीत दाखविण्यापुरते घेतले आहेत असे समजावे.

वरील घरात ३६ साधे पॉइंट आहेत आणि दर प्रत्येकी १,००० रुपये धरला, तर ३६,००० रुपये. गीझर, पंप, वातानुकूलक इत्यादींसाठी १६ अँपिअरचे सहा पॉइंट, प्रत्येकी २,५०० रुपये, म्हणजे १५,००० रुपये. खटक्यांसह नवा वितरण बोर्ड १२,००० रुपये. मीटरपासून बोर्डापर्यंतची मुख्य तार ५,००० रुपये. नवे अर्थिंग ६,००० रुपये. जुने साहित्य काढणे, भिंतीत झिऱ्या पाडणे, त्या गिलाव्याने बुजविणे आणि पुन्हा रंग देणे यांसाठी २६,००० रुपये. एकूण बेरीज १,००,००० रुपये.

या बेरजेकडे नीट पाहिले असता दोन गोष्टी ध्यानी येतात. पहिली अशी की, शंभरातील सव्वीस रुपये विजेचे नाहीतच. ते गवंडी आणि रंगारी यांचे आहेत. ज्याने घर विकण्यापूर्वी रंग दिला आणि तारा तशाच ठेवल्या, त्याचा रंग पुढे तार बदलताना वाया जाणार हे निश्चित. तार आधी आणि रंग नंतर, हा क्रम उलटला की तोच खर्च दोनदा होतो. दुसरी गोष्ट अशी की, जिवाच्या रक्षणाशी ज्यांचा सर्वांत निकटचा संबंध आहे त्या बाबी, म्हणजे बोर्ड, मुख्य तार आणि अर्थिंग, मिळून २३,००० रुपयांच्याच आहेत. सर्व खर्च एकदम झेपत नसेल तेव्हा कोठून आरंभ करावा हे यावरून कळते.

जुन्या तारेचीही काही किंमत येते. दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या १०० मीटर तारेत १५० घन सेंटिमीटर तांबे असते. त्याचे वजन सुमारे १.३४ किलोग्रॅम भरते. सहाशे मीटर तार निघाली तर आठ किलोग्रॅम तांबे हाती येते. तेवढ्याच छेदाचे आणि लांबीचे अ‍ॅल्युमिनियम मात्र अडीच किलोग्रॅमच्या आतबाहेर. ही मोड कोणाची, मालकाची की ठेकेदाराची, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

खर्च कोणी करावा?

विकणाऱ्यापुढे सामान्यतः तीन मार्ग असतात. पहिला, सर्व तारजोडणी नवी करून मग घर विकावे. घर रिकामे असेल, भिंतींना रंग द्यावयाचाच असेल आणि घेणारा लगेच राहावयास येणार असेल, तर हा मार्ग चांगला. परंतु त्यात एक उणीव आहे. स्वयंपाकघर कोठे असावे, वातानुकूलक कोणत्या खोलीत लागावा, हे घेणारा आपल्या सोयीने ठरवितो. त्यासाठी नव्याच भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या तर विकणाऱ्याचा पैसा कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

दुसरा मार्ग असा की, तपासणीचा अहवाल आणि परवानाधारक ठेकेदाराचे लेखी अंदाजपत्रक घेणाऱ्यापुढे ठेवावे आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी. यात विकणाऱ्यास वाटते की आपले लक्ष रुपये गेले. परंतु ते पूर्वीच गेलेले असतात. इतकी वर्षे ती तार वापरली गेली आणि झिजली, त्या झिजेचे हे मूल्य आहे. उलट अंदाजपत्रक नसेल तर घेणारा भीतीपोटी याहूनही मोठा आकडा सांगतो, आणि त्यास उत्तर देण्यास विकणाऱ्याजवळ काही आधार नसतो.

तिसरा मार्ग म्हणजे बोर्ड, मुख्य तार, अर्थिंग आणि गीझरसारख्या मोठ्या भाराच्या स्वतंत्र तारा एवढेच बदलून उर्वरित काम घेणाऱ्यावर सोपविणे. घरात माणसे राहत असतील, विशेषतः भाडेकरू किंवा लहान मुले असतील, तर व्यवहार पूर्ण होण्याची वाट न पाहता निदान इतके करणे अगत्याचे आहे. घर पाडून तेथे नवी इमारत उभी राहणार असेल, तर संपूर्ण नवी तारजोडणी हा अपव्यय होय. तेथे केवळ धोका दूर करावा.

काम कोणत्याही मार्गाने होवो, दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यापलीकडचे काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करविले पाहिजे, असा नियम १९५६ साली होता आणि आजही आहे. कामाची पावती आणि चाचणीचा दाखला जपून ठेवावा. घरविक्रीच्या नफ्यावरील कर काढताना भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च वजा मिळतो. साध्या दुरुस्तीस ती सवलत नाही. कोणते काम कशात मोडते हे करसल्लागार सांगेल, परंतु पावतीच नसेल तर त्यास सांगण्यासारखे काही उरत नाही. भार वाढवावयाचा असेल तर वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीकडून वाढीव भार मंजूर करून घ्यावा लागतो. सदनिकेच्या बाबतीत मीटरच्या खोलीपासून वर येणारी तार पुरेशी आहे की नाही हेही पाहिले पाहिजे. अन्यथा घरात जाड तार आणि घराबाहेर बारीक, असा विपरीत प्रकार होतो.

सांगण्याचे कर्तव्य

विक्रीखत नोंदविताना मालकीचे कागद तपासले जातात, मुद्रांकशुल्क भरले जाते. भिंतीतील तारांविषयी कोणी विचारीत नाही. तथापि कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, करारात उलट ठरले नसेल तर, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे, पण घेणाऱ्यास ठाऊक नाही आणि साधारण काळजी घेऊनही त्यास आढळण्याजोगा नाही, तो सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. असा दोष न सांगणे हे कपट समजले जाते. भिंतीवरचा तडा घेणाऱ्यास दिसतो. भिंतीच्या आत आवरण गळालेली तार त्यास कशी दिसावी? ज्या मालकास एकदा धक्का बसला आहे, ज्याने दोनदा जळालेला सांधा बदलून घेतला आहे, त्यालाच ती ठाऊक असते.

म्हणून जुन्या घराच्या विक्रीत खरा प्रश्न लक्ष रुपये वाचविण्याचा नाही. ते रुपये कोणी ना कोणी देणारच असतो: विकणारा आज, घेणारा उद्या, किंवा त्या घरात राहावयास आलेले एखादे कुटुंब, ज्याला हा हिशेब कोणी सांगितलेलाच नव्हता. पहिल्या दोघांना तो पैशाने देता येतो. तिसऱ्यास तो कशाने द्यावा लागेल याचा नेम नाही. तपासणीचा एक कागद विक्रीखतासोबत हातात दिला, तर तो खर्च उघड्यावर येतो, त्याची वाटणी करता येते, आणि घराची किंमत खऱ्या अर्थाने ठरते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. २३० व्होल्ट दाबावर २,००० वॅटचा गीझर किती अँपिअर प्रवाह घेईल? वाटेतील एका सांध्याचा रोध ०.३ ओहम असल्यास तेथे किती वॅट उष्णता निर्माण होईल?

२. फ्यूज शाबूत असतानाही बोर्ड का तापू शकतो?

३. वरील अंदाजपत्रकातील साधे पॉइंट ३६ ऐवजी २८ असते आणि इतर बाबी तशाच राहिल्या असत्या, तर एकूण खर्च किती झाला असता?

४. आपल्या घरातील पॉइंट मोजा, उपकरणांवर लिहिलेले वॅट टिपून घ्या आणि सकाळी एकाच वेळी चालणाऱ्या उपकरणांचा एकूण प्रवाह काढा. हे काम केवळ पाहून आणि लिहून करावे. बोर्ड उघडण्याचे काम वायरमनचे आहे.